आधी पैसे, मग पेटी : पनवेलची टपाल-खरेदी आणि संगणकाचे सुटे भाग

पनवेलच्या व्यापाराचा इतिहास हा पुष्कळसा दुसऱ्यांच्या मालाचा इतिहास आहे. मुंबईहून गलबताने खाडीत शिरलेला माल पनवेलच्या बंदरावर उतरे, बैलगाड्यांवर चढे आणि बोरघाटाने देशावर जाई; घाटावरचे धान्य उलट वाटेने मुंबई गाठी. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८३० मध्ये, बोरघाटाची गाडीवाट खुली झाली तेव्हा या वाहतुकीला जोर आला, मुंबई-पुण्याचे टपालही याच वाटेने धावू लागले, गाडीची चाके घडवणे हा गावातला नामांकित धंदा झाला आणि १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका मिळाली. पुढे १८६३ मध्ये रेल्वे कल्याण-कर्जतमार्गे बोरघाट चढली, तेव्हा मालाने पनवेलला वगळून वाट काढली, आणि गावात रेल्वे यायला १९६४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी दिवा-पनवेल मार्ग सुरू झाला. वाहतुकीच्या नाक्यावर बसलेल्या गावात सगळे काही मिळते असा समज असतो, पण तो खरा नव्हे. नाक्यावरून माल जातो, थांबत नाही. आणि जो थांबत नाही तो विकत घ्यायचा तर जिथे तो थांबतो त्या शहराला पत्र लिहावे लागते. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दीड-दोन दशकांत पनवेलमध्ये ज्यांनी संगणकाचे सुटे भाग टपालाने मागवले, त्यांच्या वाट्याला आलेला मनस्ताप या जुन्या परिस्थितीचाच नवा अध्याय होता.

टपालाने माल मागवण्याची रीत भारतात रुजली ती व्ही.पी.मुळे, म्हणजे ‘व्हॅल्यू पेएबल’ पद्धतीमुळे. १८७७ मध्ये टपाल खात्याने ती सुरू केली आणि १८८० मध्ये मनीऑर्डरचे काम हाती घेतल्यावर तिला चांगलीच गती आली. पद्धत अशी की विक्रेत्याने पार्सलवर वसूल करायची रक्कम लिहून ते टपालात टाकायचे, टपालखात्याने ते घेणाऱ्याच्या गावी पोहोचवायचे, घेणाऱ्याने रक्कम भरून ते सोडवायचे आणि ती रक्कम मनीऑर्डरने विक्रेत्याकडे जायची. पुस्तके, औषधे, घड्याळे, बी-बियाणे असा नाना प्रकारचा माल यामुळे लहानसहान गावांत पोहोचू लागला. योगायोग असा की, व्ही.पी.च्या पाचच वर्षे आधी, १८७२ मध्ये, पनवेलात श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना स्थापन झाला होता आणि त्याच वर्षी अमेरिकेत शिकागोला माँटगोमेरी वॉर्ड यांनी केवळ टपालाने माल विकणारी आपली पेढी काढली होती. दूरच्या गिऱ्हाइकाचा विचार करणारे व्यापारी जगात एकाच वेळी अनेक ठिकाणी उभे राहत होते.

व्ही.पी.ने एक भीती घालवली खरी, पण ती विक्रेत्याची. माल गेला आणि पैसे आले नाहीत, असे आता होणार नव्हते. गिऱ्हाइकाची भीती मात्र जागच्या जागी राहिली, कारण पैसे भरल्याशिवाय पार्सल फोडता येत नसे. आत मागवलेलेच घड्याळ आहे की नुसती डबी, हे पोस्टमनच्या हाती रोकड पडल्यावरच कळायचे. कायदे करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्यात सरकारला असा नियम करण्याचा अधिकार दिला होता की, आपण हे पार्सल खऱ्या मागणीवरून पाठवत आहोत असे विक्रेत्याने लिहून दिल्याखेरीज ते व्ही.पी.ने स्वीकारू नये. आणि फसवणूक झाल्यास वसूल झालेली रक्कम रोखून ती घेणाऱ्याला परत देण्याची तरतूदही त्या नियमांत करता येई. मागवलेले नसताना व्ही.पी. पाठवायची आणि घरातल्या कोणी तरी ती भाबडेपणाने सोडवून घ्यायची, हा प्रकार इतका बोकाळला होता की त्याची दखल कायद्यालाच घ्यावी लागली. मात्र त्याच कायद्याच्या सहाव्या कलमाने टपालातून जाणारी वस्तू हरवली, भलतीकडे गेली, उशिरा पोहोचली किंवा फुटली तर सरकारने स्वतःहून स्पष्ट शब्दांत पत्करलेल्या जबाबदारीपलीकडे ते काहीही देणे लागणार नाही, असेही सांगून टाकले.

याच्या जोडीला १९३० चा माल विक्री कायदा होता, आणि टपाल-खरेदीतल्या अडचणीचे कायदेशीर मूळ खरे तर त्याच्या दोन कलमांत सापडते. एकोणचाळिसावे कलम म्हणते की करारानुसार विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या स्वाधीन केला म्हणजे प्रथमदर्शनी तो खरेदीदाराच्याच स्वाधीन झाला असे समजायचे. एकेचाळिसावे कलम म्हणते की ज्याने माल आधी पाहिलेला नाही त्याला तो तपासून पाहण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत त्याने तो स्वीकारला असे मानायचे नाही. पहिल्या कलमाचा आधार विक्रेता घेई आणि दुसऱ्याचा खरेदीदाराने घ्यावा अशी अपेक्षा असे, पण व्यवहारात पलीकडच्या गावच्या दुकानदाराकडे पैसे आधीच पोहोचलेले असल्यामुळे दुसरे कलम पुस्तकातच राही. दोनतीनशे रुपयांच्या वस्तूसाठी परगावी वकील कोण देणार?

संगणकाच्या बाबतीत हा पेच सर्वप्रथम भोगला तो पाश्चात्त्यांनी. जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेतील एका इलेक्ट्रॉनिक्स मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा घरी जोडायचा संगणक झळकला. त्याच्या सुट्या भागांचा संच ४०० डॉलरच्या आत मिळत होता आणि तो टपालाने मागवायचा होता. अल्बुकर्की गावातल्या त्या लहानशा कंपनीला काही शेकड्यांची अपेक्षा होती, मागण्या हजारोंनी आल्या आणि लोक महिनोन्‌महिने वाट पाहत बसले. काही जण तर थेट अल्बुकर्कीला जाऊन थडकले. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याच वर्षी टपाल-विक्रीसाठी नियम केला की जाहिरातीत सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितली नसेल तर तीस दिवसांत, माल रवाना करावा, नाही तर पैसे परत घेण्याची संधी द्यावी. ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीने १२ जानेवारी १९८४ रोजी क्यूएल हा संगणक जाहीर करताना अठ्ठावीस दिवसांत तो घरी पोहोचेल असे सांगितले होते. प्रत्यक्षात यंत्रच पुरते तयार नव्हते. सुरुवातीच्या काही यंत्रांत मूळ प्रणाली आत मावली नाही म्हणून तिचा एक तुकडा पाठीमागे बाहेर लटकत ठेवून ती पाठवली गेली. लोकांचे धनादेश मात्र कितीतरी आधी वटवले गेल्याच्या तक्रारी झाल्या आणि जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेने विलंबाबद्दलच्या तक्रारी ग्राह्य धरल्या. म्हणजे ज्या देशांत टपाल वेळेवर चाले आणि दुकानदारी शिस्तीची समजली जाई, तिथेही पैसे आधी आणि वस्तू नंतर या क्रमाने माणसे पोळलीच.

भारतात नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीवरची बंधने सैल केली, त्याच वर्षी शाळांमध्ये संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू झाला, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत जुळवलेल्या, म्हणजे सुटे भाग आणून स्थानिक कारागिराने बांधलेल्या, संगणकांचा बाजार उभा राहिला. या बाजाराची दोन ठाणी ठरली : दिल्लीचे नेहरू प्लेस आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी संगणकवाल्यांच्या तोंडी १९०३ ते १९०७ या काळातल्या गव्हर्नरसाहेबांचेच नाव राहिले. पनवेल या रस्त्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. हे अंतर फसवे होते. इतक्या जवळ मुंबई असताना पनवेलात सुट्या भागांचा साठा करण्यात दुकानदाराला अर्थ वाटत नसे, आणि गिऱ्हाइकाला मात्र एक केबल आणायची तरी दिवस मोडावा लागे. ठाणे खाडीवरचा पूल १९७३ मध्ये झाला असला तरी लोकल पनवेलपर्यंत यायला १९९८ उजाडले, तोवर एस.टी.ने दादर गाठायचे आणि तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोडला उतरायचे, हाच नेहमीचा रस्ता. त्यामुळे नोकरदार माणूस, शाळेचा लिपिक किंवा डी.टी.पी.चा, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी करण्याचा, व्यवसाय नव्याने घातलेला मुद्रक इंग्रजी संगणक मासिकांच्या मागच्या पानांवरल्या जाहिरातींकडे वळे. नागपूरच्या किंवा लातूरच्या माणसाला टपालाखेरीज इलाजच नव्हता. पनवेलकराला इलाज होता, पण तो रविवारी बंद असे.

या जाहिराती बारीक अक्षरांत, चौकटीत दाटीवाटीने छापलेल्या असत, आणि त्यांतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य बहुधा तळाशी सापडे : रक्कम आगाऊ डिमांड ड्राफ्टने पाठवावी, बाहेरगावच्या धनादेशावर वटणावळ म्हणून जादा रक्कम भरावी, पाठवणुकीचा खर्च वेगळा. डिमांड ड्राफ्ट म्हणजे बँकेने पैसे आधीच घेऊन दुसऱ्या गावच्या शाखेवर लिहून दिलेली हुंडीच. तो काढायचा तर बँकेत अर्ज भरायचा, विक्रेत्याच्या पेढीचे नाव एका अक्षराचीही चूक न करता लिहायचे, कमिशन भरायचे आणि मग तो रजिस्टर ए.डी.ने धाडायचा. ए.डी.चे, म्हणजे पोचपावतीचे, कार्ड सहीशिक्क्यासह परत आले की निदान कागद पोहोचला एवढे तरी समाधान मिळे. त्यानंतर वाट पाहणे सुरू होई. ड्राफ्टऐवजी बाहेरगावचा धनादेश पाठवला असेल तर तो वटायला आठवडे लागत आणि तो वटल्याखेरीज विक्रेता माल काढत नसे, हे समजण्यासारखे होते. पण त्या आठवड्यांत दोन गोष्टी घडत. मेमरीचे भाव जागतिक बाजारात वरखाली होत, म्हणून भाव वाढल्यास ‘उरलेला फरक पाठवा’ असे पत्र येई, भाव उतरल्यास मात्र तसे पत्र आल्याचे ऐकिवात नाही. आणि मागवलेला नमुना संपला असेल तर त्याच्या जागी ‘त्याच दर्जाचा’ दुसरा धाडला जाई. ही दुसरी गोष्ट पुस्तकाच्या किंवा औषधाच्या खरेदीत फार तर गैरसोयीची ठरे. संगणकाच्या खरेदीत ती सगळा व्यवहार नासवी.

याचे कारण सुट्या भागांच्या स्वरूपात आहे आणि ते थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. संगणकाचा भाग चांगला आहे की वाईट एवढाच प्रश्न नसतो. तो त्याच्या शेजाऱ्याशी जुळतो की नाही हा खरा प्रश्न असतो. नव्वदच्या दशकात रॅम, म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती, आधी तीस टोकांच्या पट्टीवर येई, मग बहात्तर टोकांच्या, मग एकशे अडुसष्ट टोकांच्या. जाहिरातीत मात्र पुष्कळदा नुसते मेगाबाइट आणि किंमत छापलेली असे. पट्टी खाचेत बसली नाही तर चूक निदान दिसून येई. बसली, पण मदरबोर्डने, म्हणजे ज्या पाटीवर सगळे भाग बसतात तिने, ती ओळखली नाही तर दोष पट्टीचा, पाटीचा की बसवणाऱ्याचा हे ठरवायला दुसरी पट्टी आणि दुसरी पाटी लागे, आणि त्या दुकानातच असत. लॅमिंग्टन रोडवरच्या गाळ्यात समोरच्या माणसाने पट्टी लावून, यंत्र सुरू करून, पडद्यावर आकडा मोजून दाखवला की प्रश्न मिटे. टपालाच्या गिऱ्हाइकाला नेमकी हीच सेवा मिळत नसे, आणि किमतीत दिसणारा फायदा बराचसा त्या न मिळालेल्या सेवेचाच असे.

वीजपुरवठ्याच्या पेटीचे उदाहरण अधिक बोलके आहे. जुन्या एटी धाटणीच्या संगणकात या पेटीतून मदरबोर्डकडे जाणाऱ्या तारांच्या दोन वेगवेगळ्या जोडण्या असत, पी-८ आणि पी-९ नावाच्या, दिसायला जवळजवळ सारख्या आणि शेजारशेजारी बसवायच्या. दोन्हींच्या काळ्या तारा मध्ये एकमेकींना लागून आल्या पाहिजेत, एवढा एकच नियम. तो पाळला तर यंत्र सुरू, उलटा झाला तर पाटी जळायची. पेटीसोबत येणारा कागद, आलाच तर, तैवानी इंग्रजीत असे आणि त्यात हा नियम सापडेलच याची खात्री नसे. ज्याची पाटी अशी जळली त्याने विक्रेत्याला पत्र लिहावे तर उत्तर ठरलेले होते : माल इथून निघाला तेव्हा तपासलेला होता. ते बहुतेक वेळा खरेही असे. विक्रेता प्रत्येक वेळी लबाड होता असे मानण्याचे कारण नाही. दोघांपैकी कोणालाच दुसऱ्याचे म्हणणे पडताळून पाहता येत नव्हते, आणि अशा वेळी ज्याच्याकडे पैसे असतात त्याचे म्हणणे टिकते.

वाटेतल्या हालांची कथा निराळी सांगायला नको, पण फ्लॉपीचा उल्लेख केला पाहिजे. सव्वापाच इंची फ्लॉपी ही पातळ पाकिटातली चुंबकीय तबकडी. तिच्या लिफाफ्यावर ‘वाकवू नये’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असे आणि नेमके त्या अक्षरांवरच टपालखात्याचा शिक्का दणकन उमटलेला असे. नंतर मासिकांसोबत तबकड्या, म्हणजे सीडी, येऊ लागल्या; पीसी क्वेस्ट मासिकाने १९९६ पासून लिनक्स ही मुक्त प्रणाली अशा सीडीवरून वाचकांना दिली, आणि जिथे इंटरनेट फोनच्या तारेवरून रखडत येई तिथे ही टपालाची वाटच खरी उपयोगाची होती. जड माल, मॉनिटर वगैरे, ट्रान्सपोर्टने येई. तो हुंडेकऱ्याच्या गोदामातून पावती दाखवून स्वतः सोडवून न्यावा लागे, आणि नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद होईपर्यंत नाक्यावरची पावती वेगळी. पावसाळ्यात आलेल्या खोक्याचा तळ ओलसर निघाला तर आतल्या वस्तूबद्दल कोणाला काय विचारायचे हे ठरलेले नव्हते.

करांनी या गुंत्यात आणखी एक गाठ मारली होती. १९५६ च्या केंद्रीय विक्रीकर कायद्यानुसार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकलेल्या मालावर नोंदणीकृत व्यापाऱ्याने ‘सी फॉर्म’ दिल्यास ४ टक्के कर लागे आणि तो नसल्यास १० टक्के, किंवा स्थानिक दर त्याहून जास्त असेल तर तो. पनवेलच्या घरगुती गिऱ्हाइकाकडे सी फॉर्म कुठून असणार? दिल्लीचा विक्रेता मग दोन भाव सांगे, पक्क्या बिलाचा आणि कच्च्या पावतीचा, आणि दोन्हींतला फरक पाहून बहुतेक जण कच्चीच पत्करत. वॉरंटी मात्र पक्क्या बिलावरच मिळे. म्हणजे कर वाचवण्याच्या क्षणीच तक्रारीचा हक्क सोडलेला असे, आणि हे माणसाला सहा महिन्यांनी, भाग बंद पडल्यावर, कळे. ज्यांनी पक्के बिल घेतले त्यांनाही त्याच्या तळाशी ‘भूलचूक देणेघेणे’च्या शेजारी वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात चालेल असा शिक्का आढळे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा मंच दिले होते, तरी तक्रार सामनेवाल्याच्या गावी किंवा तक्रारीचे कारण जिथे अंशतः घडले तिथेच करता येई, आणि हे अंशतः म्हणजे किती यावर वाद घालण्यातच पहिल्या दोन तारखा जात.

या सगळ्यातला उपरोध भूगोलाने पुरा केला. २६ मे १९८९ रोजी पनवेलपासून जवळच न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. मायक्रोप्रोसेसर आणि मेमरीसारखा हलका, किमती माल बहुधा विमानाने येई, पण मॉनिटर, पेट्या, वीजपुरवठ्याचे संच असा अवजड माल जहाजाने येऊ लागला. उत्तरेकडे जाणारे सीलबंद कंटेनर बंदरातून रेल्वेने पनवेलमार्गेच निघत आणि दिल्लीत तुघलकाबादच्या कोरड्या बंदरात, म्हणजे जिथे जकातीचे सोपस्कार होऊन माल मोकळा होतो अशा आगारात, उघडत. तिथून नेहरू प्लेस, तिथून मासिकातली चौकट, आणि तिथून एखादी पेटी चौदाशे किलोमीटर उलट येऊन पनवेलच्या टपाल कचेरीत. ज्या रुळांवरून ती गेली त्यांच्यापासून गिऱ्हाइकाचे घर कदाचित पायी जाण्याच्या अंतरावर असेल. बैलगाडीच्या काळातल्या पनवेलकराला यात नवल वाटले नसते.

परिस्थिती पालटली ती टपाल सुधारल्यामुळे नव्हे. १९९८ ची लोकल, माहिती-तंत्रज्ञान मालावरचे आयातशुल्क २००५ पर्यंत शून्यावर नेण्याचा आंतरराष्ट्रीय करार, आणि २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एम.एस.-सी.आय.टी. अभ्यासक्रमासाठी गावोगाव निघालेली केंद्रे यांमुळे पनवेल-नवीन पनवेलमध्येच जुळणी करणारी, माल बदलून देणारी दुकाने तग धरू शकली. शेजारच्या गाळ्यात पट्टी लावून पाहता येऊ लागल्यावर टपालाने ती मागवण्याचे कारण उरले नाही.

मग दहा वर्षांतच लोक पुन्हा न पाहता माल मागवू लागले. फ्लिपकार्ट २००७ मध्ये निघाली, २०१० मध्ये तिने माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय सुरू केली, २०१३ मध्ये अमेझॉनची भारतीय शाखा आली. दारात रोकड मोजून खोके घ्यायचे आणि मग ते उघडायचे, ही जुनी व्ही.पी.च होती, फक्त मध्ये टपालखाते नव्हते. मागवलेल्या यंत्राऐवजी साबणाच्या वड्या किंवा विटेचा तुकडा निघाल्याच्या बातम्याही त्याच जुन्या धाटणीच्या. फरक पडला तो दोन ठिकाणी. विक्रेत्याला गिऱ्हाइकाच्या नाराजीची किंमत सर्वांसमोर मोजावी लागू लागली, म्हणून परत घेणे हा व्यवहाराचाच भाग झाला. काही मालासाठी तर पोहोचवणाऱ्यासमोर खोके उघडून मग स्वीकारण्याची सोय निघाली, जी १९३० च्या एकेचाळिसाव्या कलमाला ऐंशी-नव्वद वर्षे उशिरा मिळालेली अंमलबजावणी म्हणता येईल. दुसरे म्हणजे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याचा हक्क दिला आणि २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येणार नाही असे ठरवले. १८९८ चा टपाल कायदा जाऊन २०२३ चा नवा कायदा जून २०२४ मध्ये लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमात, नियमांनी ठरवून दिली असेल तेवढी सोडून, सेवेबाबतच्या जबाबदारीतून टपालखात्याला दिलेली सूट कायम आहे. दिल्लीच्या विक्रेत्याविरुद्ध पनवेलकराला आता दिल्लीला जावे लागत नाही. रायगडचा जिल्हा आयोग अलिबागला बसतो, आणि तिथे पेण-वडखळमार्गे जावे लागते.